भातुकलीचे आकर्षण

गतकालाविषयीच्या ओढीचे जे अनेक प्रकार आजच्या सुशिक्षित कुटुंबांत आढळतात, त्यांत जुन्या बाहुल्या व भातुकली यांविषयीची ओढ विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नवी मुंबई हे १९७० नंतर आखून वसविलेले शहर. तेथे आलेली बहुतेक कुटुंबे आपली जुनी घरे मागे ठेवून आली. तरीही वाशी-नेरूळच्या सदनिकांत काचेच्या कपाटात पितळेचा चिमुकला बंब, दगडाचे जाते, पाटा-वरवंटा आणि शेजारी रंगविलेली लाकडी ठकी मांडलेली दिसते. मोठे जाते घरातून केव्हाच गेले. लहान मात्र राहिले. या आकर्षणाचे स्वरूप तपासून पाहावयास हवे.

युरोपातील बाहुलीघराशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. राणी मेरीसाठी एडविन लट्यन्स या वास्तुशिल्पज्ञाने रचलेले व १९२४ साली पूर्ण झालेले बाहुलीघर विंडसर येथे आहे. एकास बारा या प्रमाणात बांधलेल्या त्या वास्तूत नळांना पाणी येते आणि ग्रंथालयात खरेखुरे चिमुकले ग्रंथ आहेत. कौशल्याची ती पराकाष्ठाच होय. पण ते घर पाहण्यासाठी आहे, खेळण्यासाठी नव्हे. आमच्या भातुकलीस भिंतीच नसत. ओसरीचा कोपरा हेच घर, चुरमुरे हाच भात आणि गुळाचा खडा हेच पक्वान्न. खेळ आटोपला की घरही मोडे. तिचे सौंदर्य भांड्यांत नसून मांडण्या-मोडण्यात होते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, तो खेळ निरागस नव्हता. ती संसाराची तालीमच होती. आक्षेप खरा आहे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे ११ वर्षांचे होते. बाहुलीचे लग्न लावणारे हात लवकरच खऱ्या चुलीशी जुंपले जात. मुलीच्या विवाहाचे वय किमान १४ असावे, असे ठरविणारा सारडा कायदा १९२९ साली झाला, यावरून पूर्वस्थितीची कल्पना येते. परंतु याच कारणास्तव त्या खेळाचे मोल अधिक वाटते. सासरी जिला कोणी विचारीत नसे, तिला काही काळ तरी घरची सत्ता या ओसरीवरच लाभली असेल. हुकूम तिचा, पाहुणे तिचे आणि रुसून उठण्याचा अधिकारही तिचाच!

कपाटातील भातुकलीत हे दोन्ही अर्थ हरपतात. दुःख दिसत नाही आणि सत्ताही दिसत नाही. उरते ती केवळ चकाकी. दिनकर केळकरांनी अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या नावे पुण्यात संग्रहालय उभारून दिवे, अडकित्ते व स्वयंपाकाची भांडी यांस कलावस्तूंचा मान मिळवून दिला, हे उचितच झाले. जपून ठेवणे हा संग्रहालयाचा धर्म आहे. घराचा धर्म मात्र निराळा. ज्या घरात भातुकलीला लेकरांचा हात लागू दिला जात नाही, तेथे तिच्यावरील प्रेम हे वस्तूवरील प्रेम होय, बालपणावरील नव्हे. कपाटाचे दार उघडावे, नातीबरोबर नातवालाही खेळावयास बसवावे आणि एखादे भांडे पोचले तरी हळहळू नये. पोचे येणे हेच त्या भांड्यांचे सार्थक आहे.