अमरावतीचं भाषण, दिल्लीचं वाचन

आजचा विषय पत्रिकेवर ‘मानवी हक्क कार्यकर्ते, विद्यार्थी आणि मनमानी अटक’ असा छापला आहे. विषय एवढा मोठा आहे की तासाभरात त्याचा एक कोपराही झाडून होणार नाही. आणि आम्ही काही कायदेपंडित नव्हे. साहित्य शिकवणारी माणसं. तेव्हा आम्हाला जे थोडंफार येतं तेच करू: एक मजकूर घेऊ आणि तो कुणी कसा वाचला ते बघू.

मजकूर लांबचा नाही, आपल्या विदर्भातला आहे. १७ फेब्रुवारी २०२० रोजी उमर खालिद यांनी अमरावतीत एक भाषण केलं. नागरिकत्व कायद्याविरोधातली सभा. भाषण हिंदीत. त्यात ते म्हणतात, हिंसेला हिंसेनं आणि द्वेषाला द्वेषानं उत्तर द्यायचं नाही. त्यांनी लाठ्या चालवल्या तर आपण तिरंगा फडकवू, गोळ्या चालवल्या तर संविधान हातात धरू, तुरुंगात टाकलं तर गाणं म्हणत तुरुंगात जाऊ. गांधींचं नाव येतं. आणि हेही येतं, की २४ तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प भारतात येतील तेव्हा आपण रस्त्यावर उतरू आणि इथलं सरकार देशात फूट पाडतंय हे जगाला सांगू.

त्यानंतर आठवड्याभरात ईशान्य दिल्लीत दंगल पेटली. ५३ माणसं गेली. आणि अमरावतीचं भाषण दिल्लीतल्या कटाचा पुरावा झालं. १३ सप्टेंबर २०२० ला खालिद यांना यूएपीएखाली अटक झाली.

आता इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकू, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. आरोपपत्र फक्त या भाषणावर उभं नाही. व्हॉट्सॲप गट आहेत, बैठका आहेत, नावं गुप्त ठेवलेल्या साक्षीदारांचे जबाब आहेत. पण भाषण ही त्यातली एकच गोष्ट अशी आहे, जी तुम्हीआम्ही सगळे संपूर्ण ऐकू शकतो. बाकीचं सगळं बंद कपाटात. म्हणून आम्ही भाषणच धरतो.

पहिली गंमत तुकड्याची. २०२१ मध्ये कनिष्ठ न्यायालयात बचाव पक्षाच्या वकिलांनी दाखवून दिलं की वृत्तवाहिन्यांवर फिरलेली चित्रफीत हा भाषणाचा कापलेला तुकडा होता. एका वाहिनीनं तर पोलिसांना कळवलं होतं, की मूळ चित्रण आमच्याकडे नाही, ते आम्ही एका राजकीय नेत्याच्या ट्विटवरून घेतलं. म्हणजे सभेत वाहिनीचा कॅमेरा नाही, बातमीदार नाही, आणि बातमी मात्र देशभर! बारावीच्या मुलानं कवितेच्या दोन ओळी घेऊन रसग्रहण केलं तर आम्ही त्याचे गुण कापतो.

बरं, पुढे उच्च न्यायालयापुढे संपूर्ण भाषण आलं. मग तरी वाचन सुधारायला हवं होतं ना? २०२२ च्या सुनावणीत काय झालं बघा. खंडपीठाला भाषणातली काही वाक्यं आक्षेपार्ह वाटली. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात तुमचे पूर्वज काय करत होते, अशा अर्थाचा टोला होता. पंतप्रधानांसाठी ‘जुमला’ हा शब्द वापरावा का, असाही प्रश्न न्यायमूर्तींनी विचारला. वकिलांनी उत्तर दिलं की सरकारवर टीका हा गुन्हा नाही.

आपल्याकडे सभेची भाषा म्हणजे काय चीज असते हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत आचार्य अत्र्यांनी व्यासपीठावरून सत्ताधाऱ्यांचा जो उद्धार केला, तो आज एखाद्या आरोपपत्रात उतरवून काढला तर काय दिसेल? वाक्य झोंबणारं आहे की नाही, हा रसिकाचा प्रश्न. वाक्यानं दहशतवादी कृत्य घडवलं की नाही, हा फौजदारी प्रश्न. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याकडे सरकता येत नाही.

आणि मग तो ‘इन्किलाब’. भाषणात ‘इन्किलाबी सलाम’ आणि ‘क्रांतिकारी इस्तकबाल’ असे शब्द होते. इस्तकबाल म्हणजे स्वागत. १८ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयानं जामीन नाकारताना क्रांती या शब्दाचा ऊहापोह केला. त्यात फ्रेंच राज्यक्रांतीतले रोबेस्पिअर आले, पंडित नेहरू आले. क्रांती दर वेळी रक्तहीन नसते, म्हणून तर ‘रक्तहीन क्रांती’ असं वेगळं म्हणावं लागतं, असा मुद्दा आला. विचार म्हणून वाईट नाही, आमच्या वर्गात यावर चांगली चर्चा झाली असती. पण शब्दाचा अर्थ तो जिथे बोलला गेला तिथे शोधायचा असतो, हो की नाही? अमरावतीच्या श्रोत्यांपुढे रोबेस्पिअर नव्हता. त्यांच्या कानावर क्रांतिसिंह नाना पाटील असतात, क्रांतिबा जोतीराव असतात. २०१६ साली लाखो माणसं एकही घोषणा न देता या राज्याच्या रस्त्यांवरून चालली, त्याचं नाव मराठा क्रांती मोर्चा. आणि ऑगस्ट क्रांती राजधानी एक्सप्रेस तर रोज मुंबईहून दिल्लीला जाते, आजवर तिला कुणी अडवल्याचं ऐकिवात नाही! (हशा)

हसलात, ठीक आहे. पण आम्ही न्यायमूर्तींची टिंगल करायला उभे नाही. त्यांना असं वाचायला कायदाच भाग पाडतो. २००८ मध्ये, मुंबई हल्ल्यानंतर, यूएपीएत ४३ड(५) हे कलम आलं. केस डायरी किंवा आरोपपत्र पाहून आरोप ‘प्रथमदर्शनी खरा’ मानायला वाजवी आधार आहे असं न्यायालयाला वाटलं, तर जामीन द्यायचा नाही. शब्द नीट बघा. आरोप प्रथमदर्शनी खरा. बचावाचा कागद त्या दर्शनात नाहीच. मग २०१९ मध्ये वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जामिनाच्या टप्प्यावर पुरावा ग्राह्य आहे की नाही हे तपासत बसू नये, जी सामग्री आहे ती आहे तशी समग्रपणे धरावी. वाचकाला सांगितलंय, वाच. पण हे कुणी लिहिलं, कुणाला, पुढे काय घडलं, हे मात्र विचारू नकोस. समीक्षेत आम्ही याला वाचन म्हणणार नाही.

पहिल्या दर्शनाला आपणही किती भुलतो, याचा एक किस्सा. ऑगस्ट २०१९ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं व्हर्नन गोन्साल्विस यांना ‘वॉर अँड पीस’ घरात का ठेवलं असं विचारलं, अशी बातमी आली. दिवसभर टॉलस्टॉयवरून न्यायालयाची थट्टा. आम्हीही ते विनोद पुढे पाठवले, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला: उल्लेख टॉलस्टॉयचा नव्हता, ‘वॉर अँड पीस इन जंगलमहाल’ या दुसऱ्याच पुस्तकाचा होता. शीर्षकाचा अर्धा भाग ऐकून आपण निकाल दिला होता. खरा प्रश्न त्या हशात बुडाला, की पुस्तक कुठलंही असो, ते घरात असणं हा गुन्हा कसा?

त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला २८ जुलै २०२३ उजाडावा लागला. सर्वोच्च न्यायालयानं गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन दिला. नुसतं साहित्य बाळगणं हे दहशतवादी कृत्य नव्हे, असं म्हटलं. आणि त्याहून मोलाचं म्हणजे, पुराव्याचं वजन वरवर तरी तपासायलाच हवं, असं म्हटलं. पत्रं या दोघांकडे सापडलेली नव्हती, तिसऱ्याच माणसांकडून मिळाली होती. त्यांचा आधार म्हणून कितपत उपयोग, हे न्यायालयानं विचारलं. लेखक कोण, वाचक कोण, कागद कुणाच्या हातात. साधे प्रश्न. ते विचारले जाईपर्यंत दोघांची जवळजवळ पाच वर्षं गेली होती.

दिल्लीच्या प्रकरणातही असं वाचन एकदा झालं होतं. १५ जून २०२१ ला उच्च न्यायालयानं नताशा नरवाल, देवांगना कलिता आणि आसिफ इक्बाल तन्हा या तीन विद्यार्थ्यांना जामीन देताना आरोपपत्रातली विशेषणं बाजूला सारली आणि खाली ठोस काय उरतं ते पाहिलं. निदर्शनाचा हक्क आणि दहशतवाद यांतली रेष शासनाच्या मनात पुसट होतेय, अशी चिंताही व्यक्त केली. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुटका कायम, पण हा निकाल दाखला म्हणून वापरायचा नाही. छान वाचलंत, पण दुसऱ्यांना शिकवू नका! पुढच्या वर्षी खालिद यांचा जामीन नाकारणाऱ्या खंडपीठात यातलेच एक न्यायमूर्ती होते.

वाचनाचा हा घोळ कागदावरचा असता तर आम्ही एवढं बोललो नसतो. नताशाचे वडील ९ मे २०२१ ला कोविडनं गेले. तिला अंतरिम जामीन मिळाला तो दुसऱ्या दिवशी. स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे, पार्किन्सनचे रुग्ण, पेला हातात धरवत नाही म्हणून तळोजा तुरुंगात त्यांना नळी मागावी लागली. ५ जुलै २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी होती. त्या सुनावणीतच न्यायालयाला सांगण्यात आलं की ते गेले. त्यांच्यावरचा आरोप खरा की खोटा हे कुठल्याही न्यायालयानं ठरवलेलं नाही. तुरुंगाच्या भाषेत अशा माणसाला ‘कच्चा कैदी’ म्हणतात. ते गेले तेव्हाही कच्चेच होते.

एक चिठ्ठी आलीय. विचारलंय, ‘न्यायाधीशांनी समीक्षक व्हावं असं तुम्हाला म्हणायचंय का?’ नाही हो. एवढंच म्हणायचंय, की पूर्ण वाचायला खटला लागतो, आणि खटला सुरू व्हायला वर्षं लागणार असतील, तर माणसाला तोवर घरी राहू द्यावं. हे आमचं शहाणपण नाही. १ फेब्रुवारी २०२१ च्या के. ए. नजीब निकालात सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींनी, खटला लवकर संपायची शक्यता नसेल तर ४३ड(५) असूनही घटनात्मक न्यायालयं जामीन देऊ शकतात, असं सांगितलंय. नजीब पाच वर्षांहून जास्त काळ आत होते आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते.

दिल्ली प्रकरणात ५ जानेवारी २०२६ ला सर्वोच्च न्यायालयानं पाच आरोपींना जामीन दिला. उमर खालिद आणि शर्जील इमाम यांना नाकारला. त्यांची भूमिका इतरांपेक्षा वेगळी दिसते, असं कारण दिलं. वर्षभरानं पुन्हा अर्ज करता येईल, असंही सांगितलं. अमरावतीच्या त्या सभेला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. खटल्यात एकही साक्ष झालेली नव्हती.