वारक्रमांकांचा प्रश्न : गत आणि वर्तमान गणना

मराठीत वारांना नावे आहेत, क्रमांक नाहीत. रविवारापासून शनिवारापर्यंतची सातही नावे ग्रहांवरून आलेली असून त्यांच्यातील क्रम नावातून व्यक्त होत नाही. सर्वच भाषांची स्थिती अशी नाही. एके काळी औरंगाबादच्या दरबारी व्यवहारात असलेल्या फारसीत सोमवारास ‘दोशंबा’, म्हणजे शनिवारानंतरचा दुसरा, असे म्हणतात. १९६१ पर्यंत गोव्यात राज्यभाषा असलेल्या पोर्तुगीजमध्येही सोमवार हा ‘सेगुंदा-फेइरा’, म्हणजे दुसराच होय. उलट रशियन भाषेत ‘दुसरा’ या अर्थाचे ‘व्तोर्निक’ हे नाव मंगळवारास मिळाले आहे, आणि चिनी भाषेत सोमवार हा आठवड्याचा ‘एक’ आहे. वाराचा क्रमांक हा वाराचा अंगभूत गुण नसून केवळ संकेत आहे, एवढे यावरून स्पष्ट होते. प्रोग्रामिंगमधील तारखांच्या लायब्रऱ्यांत वारक्रमांकांविषयी जी विसंगती आढळते, तिचे परीक्षण याच दृष्टीने करणे इष्ट आहे.

शुक्रवार हे एकच उदाहरण घ्यावे. जावास्क्रिप्टच्या ‘गेटडे’नुसार तो ५, पायथनच्या ‘वीकडे’नुसार ४, जावातील जुन्या ‘कॅलेंडर’नुसार ६. मायएसक्यूएल या एकाच प्रणालीत ‘डेऑफवीक’ त्यास ६ म्हणते, तर ‘वीकडे’ ४ म्हणते. हा गोंधळ केवळ ‘आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी’ एवढ्या मतभेदाचा आहे, असे सामान्यतः समजले जाते. ही समजूत अपुरी आहे. येथे दोन स्वतंत्र प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पहिला प्रश्न आरंभाच्या वाराचा. दुसरा गणनेच्या प्रकाराचा.

दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्या ज्योतिषपरंपरेत परिभाषा तयारच आहे. शकवर्षाचा उल्लेख करताना ते ‘गत’ की ‘वर्तमान’ हे सांगावे लागते. किती पूर्ण झाले हे सांगणारी संख्या गत, आणि कितवे चालू आहे हे सांगणारी वर्तमान. व्याकरणाच्या भाषेत पहिली संख्यावाचक, दुसरी क्रमवाचक. गत गणनेत शून्य अपरिहार्य आहे. वर्तमान गणनेत त्यास स्थानच नाही. सी भाषेच्या प्रमाणग्रंथात वाराच्या घटकाचे वर्णन ‘रविवारापासून लोटलेले दिवस’ असेच केले आहे. हे शुद्ध गत गणनेचे लक्षण होय. इ. स. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात सोमवार १ व रविवार ७ आहे. ही वर्तमान गणना. दोन आरंभ आणि दोन गणना मिळून चार पद्धती संभवतात, आणि चारही प्रत्यक्षात आहेत: रविवार-गत ही सी व जावास्क्रिप्टची, रविवार-वर्तमान ही जावाच्या ‘कॅलेंडर’ची, सोमवार-गत ही पायथनच्या ‘वीकडे’ची आणि सोमवार-वर्तमान ही आयएसओची.

सोमवार-गत ही पद्धती नवी नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ रचला, त्याचा आरंभकाल शके १४४२ (इ. स. १५२०) मधील सोमवार आहे. त्यात ४०१६ दिवसांचे एक चक्र मानले असून चक्रसंख्येची पाचपट अहर्गणात मिळवून सातांनी भागण्याचा नियम दिला आहे. ४०१६ ला सातांनी भागल्यास बाकी ५ उरते, हे त्याचे कारण. अखेरची बाकी ० आली तर सोमवार. हीच पायथनची पद्धती होय. परंतु येथे एक महत्त्वाचा भेद आहे. बाकी सोमवारापासून मोजावी, हे गणेश दैवज्ञ नियमातच सांगतात. कलियुगारंभापासूनचा अहर्गण घेणारे हीच बाकी शुक्रवारापासून मोजतात, म्हणून आरंभ सांगितल्यावाचून संख्येस अर्थ नाही, हे त्यांना ठाऊक होते. आजच्या लायब्रऱ्या मात्र नुसती संख्या परत करतात आणि आरंभ माहितीपत्रकात ठेवतात.

याचे परिणाम व्यवहारात दिसतात. मुकुंदवाडीतील एखादे दुकान रविवारी बंद असते, असे कल्पावे. त्याच्या नोंदींचा पडद्यावरील भाग जावास्क्रिप्टमध्ये, आणि हिशेबाचा भाग पायथनच्या ‘आयसोवीकडे’वर आधारलेला आहे. सोमवार ते शनिवार दोहोंकडे १ ते ६ हेच अंक येतात. सहा दिवस पूर्ण एकवाक्यता असते. रविवारी मात्र एकीकडे ०, दुसरीकडे ७. सुट्टीचा अंक ० असा नोंदला असेल, तर हिशेबाच्या भागास ती सुट्टी कधीच सापडणार नाही. ‘वीकडे’ वापरले असते तर चूक रोजच दिसली असती आणि पहिल्याच दिवशी सुधारली गेली असती. अल्प विसंगती ही मोठ्या विसंगतीहून अधिक घातक ठरते, ती अशी.

दोषांची प्रतवारी करावयाची झाल्यास निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे संकेत स्वीकारणे हा क्षम्य दोष मानावा लागेल. एकाच नावास दोन अर्थ देणे हा त्याहून गंभीर दोष आहे. सी भाषेतील ‘टीएम-डब्ल्यूडे’ हे नाव पायथनने आपल्या ‘टाइम’ विभागात जसेच्या तसे घेतले. परंतु सीमध्ये ० म्हणजे रविवार, तर पायथनमध्ये ० म्हणजे सोमवार. शब्द उसना घ्यावा आणि अर्थ मूकपणे बदलावा, हा प्रकार भाषांच्या इतिहासात परिचित आहे. तथापि माणसास संदर्भाने अर्थ कळतो, यंत्रास तो कळत नाही.

सर्वांनी आयएसओ स्वीकारावे, हा उपाय सुचविला जातो. तो उपयुक्त आहे, पण पुरेसा नाही. प्रमाण प्रसिद्ध झाल्यानंतर, इ. स. १९९७ मध्ये, जावाच्या ‘कॅलेंडर’ने रविवारास १ हा अंक दिलाच. अधिक मूलगामी सुधारणा त्याच भाषेने इ. स. २०१४ मध्ये केली. नव्या रचनेत वार ही संख्या नसून सात नावांचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि अंक हवा असल्यास तो मुद्दाम मागावा लागतो. मराठी भाषकाने वारास नावानेच ओळखावे, ही जी शतकांची रीत, तिच्याकडेच ही लायब्ररी परतली आहे. जेथे संख्या टाळता येत नाही, तेथे तिच्यासोबत आरंभाचा वार आणि गणनेचा प्रकार या दोन्ही गोष्टी नोंदविणे, ही किमान अपेक्षा होय.