दर शनिवारी एक गाणे

एखादे गाणे मनात भरले, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या तरी कानावर घातल्याखेरीज माणसाला चैन पडत नाही. पुस्तक एकट्याने वाचून मिटून ठेवता येते. गाण्याचे तसे नाही. ते ऐकता ऐकताच आपण मान वळवून शेजारच्याकडे पाहतो. 'कसं आहे?' हा प्रश्न त्या पाहण्यात असतो आणि 'मला हे आवडतं, यावरून मला ओळखा' अशी एक लपलेली विनंतीही असते. गाण्याची शिफारस हा मी एक छोटासा वाङ्मयप्रकारच समजतो. गाण्यांची परीक्षणे पुष्कळ होतात. आज या शिफारशीचे परीक्षण करावे म्हणतो. संगीताच्या परीक्षेला मी कधी बसलेलो नाही. कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मराठी शिकवतो, एवढाच माझा अधिकार.

नभोवाणीने या प्रकाराचे तीन नमुने आपल्यापुढे ठेवले आहेत. पहिला 'बिनाका गीतमाला'. केसकर मंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटगीतांचे दिवस फिरले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे 3 डिसेंबर 1952 च्या बुधवारी अमीन सयानींनी ही माळ ओवायला घेतली. पुढे तिच्यात गाण्यांना क्रमांक आले. त्याला ते 'पायदान' म्हणत. सयानींचा आवाज असा, की ते आपल्या एकट्याशीच बोलत आहेत असे वाटावे. पण पहिल्या पायदानावरचे गाणे पुष्कळांना आवडले एवढेच त्यातून कळे. का आवडले, हे कळत नसे. दुसरा नमुना 'आपली आवड'. तिथे गाण्याआधी नावांची आणि गावांची यादी वाचली जाई. तिची थट्टा पुष्कळांनी केली. मला मात्र तीत एक गुण दिसतो. त्या यादीमुळे गाण्याला माणसे चिकटत. कुठल्याशा आडगावच्या घराने हे गाणे मागितले आहे, हे कळल्यावर ते निराळे ऐकू येई.

तिसरा नमुना सर्वांत श्रेष्ठ. 1 एप्रिल 1955, रामनवमीचा दिवस. पुणे केंद्रावरून 'गीतरामायणा'चे पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द माडगूळकरांचे, स्वर सुधीर फडक्यांचे. आठवड्याला नवे गीत एकच. मध्ये अधिक मास आला म्हणून बावन्नाची छप्पन्न गीते झाली आणि 19 एप्रिल 1956 ला माळ पुरी झाली. आरंभ भूपाने, शेवट भैरवीने. जणू एकच मैफल वर्षभर लांबवलेली! आज ती छप्पन्न गीते एका दमात ऐकता येतात. पण एका दमात ऐकणाऱ्याला कथा मिळते, आठवडा मिळत नाही. पुढचे गीत येईपर्यंत हेच गीत पुरवून पुरवून आठवायचे, चूल पेटवताना गुणगुणायचे, विसरलेला शब्द शेजारणीला विचारायचा, हा त्या रचनेचा अदृश्य भाग होता. सात दिवसांचे मौन हेही तिथे एक वाद्यच होते.

हाच आदर्श डोळ्यांपुढे ठेवून 2017 च्या जूनमध्ये मी आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत एक उपक्रम सुरू केला. दर शनिवारी सकाळी कोपऱ्यातल्या जुन्या फळ्यावर एका गाण्याचे नाव लिहायचे आणि खाली दोन ओळींत ते का ऐकावे ते सांगायचे. आज ती जुनी यादी चाळली, म्हणजे मला शरम वाटते. दुर्मिळ ध्वनिमुद्रिका, अनवट राग, हिराबाईंची कुठली तरी सहसा न ऐकलेली चीज! सुटलेले गाणे एकही नाही; सुटला होता तो ऐकणारा. फळ्यावर गाणे नावापुरते होते, बाकी सगळा मीच होतो.

हे ध्यानात यायला मला एक चूक करावी लागली. आमच्या एका वयस्क सहशिक्षिकेचा तरुण मुलगा अकस्मात गेला. महिन्याने बाई शाळेत रुजू झाल्या. त्या शनिवारी मी फार विचार करून चित्रकूटावरचे, भरताची समजूत घालणाऱ्या रामाचे गीत लिहिले. गीत असामान्यच. यमनकल्याणाची ती शांत चाल. कडव्यामागून कडवे येते आणि दर वेळी माणसाच्या त्याच असहायतेपाशी परतते. माडगूळकर रामाला ना कैकेयीला दोष देऊ देत, ना दशरथाला. आणि एखादा लहान गवई जिथे हुंदका काढील, तिथे फडके आवाज समईच्या ज्योतीसारखा स्थिर ठेवतात. हे सारे मी दोन ओळींत बसवले आणि मनाशी खूश झालो.

मधल्या सुटीत बाई म्हणाल्या, "गाणं फार मोठं आहे, सर. पण ते भरतासाठी आहे. इथे कौसल्या बसली आहे."

मला उत्तर सुचले नाही. 'गीतरामायणा'त कौसल्याही गाते. वनाला निघालेल्या रामाला ती अडवते, तेही गीत मला ठाऊक होते. पण ते त्या दिवशी फळ्यावर लिहिणे हे क्रौर्य झाले असते. मी प्रसंगाकडे पाहून गाणे निवडले होते. माणसाकडे पाहिलेच नव्हते. त्यानंतर कित्येक शनिवार फळा कोरा राहिला.

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली. पहिल्या शनिवारी खोलीत आलो, तो फळ्यावर बाईंचे वळणदार अक्षर! एका हिंदी चित्रपटातले गाणे होते. मी कधीच सुचवले नसते असे. खाली दोन ओळी होत्या : 'हे तो गाडी पुसताना शिट्टीवर वाजवायचा. दुसऱ्या कडव्यात नेहमी चुकायचा.'

रात्री घरी सगळे निजल्यावर मी ते गाणे लावले. शब्द जुळवलेले, वाद्यांचा गोंगाट, ठेका उसना. दुसऱ्या कडव्यात मात्र मी सावध झालो. तिथे चाल एकाएकी वर उडी घेते. ती उडी संगीतकाराला साधलेली नाही, असे मी एरवी लिहून मोकळा झालो असतो. पण मी तिथेच थांबलो. मागे जाऊन पुन्हा ऐकले. चुकायचा तो इथेच.

गाणे त्या रात्रीही सुमारच राहिले, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुःखाने वाईट चाल चांगली होत नाही आणि टीकाकाराने तसे भासवू नये. पण त्या फळ्यावर आजवर झालेल्या शिफारशींत ती सर्वांत सरस होती. गाण्याची योग्यता आणि शिफारशीची योग्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर कळले नव्हते. थोर गाण्याची शिफारस पोकळ असू शकते; सुमार गाण्याची भरीव असू शकते. आपण त्या गाण्यात नेमके कुठे उभे आहोत, हे जो दाखवतो, त्याचे बोट धरून दुसराही तिथवर जातो.

हल्ली मोबाइलवर सकाळसंध्याकाळ गाण्यांचा रतीब येतो. 'तुम्हाला हेही आवडेल' असे यंत्रही सांगते, आणि पुष्कळदा त्याचे खरेही ठरते! पण का, ते सांगत नाही. आणि आपल्याला न आवडले, तर त्याला वाईटही वाटत नाही. आमचा फळा अजून चालू आहे. खडू आता आळीपाळीने फिरतो. माझी पाळी आली, म्हणजे मी आधी खोलीतल्या माणसांकडे पाहतो आणि मग गाण्याकडे.

वाचकहो, या दिवसांत घरोघर फराळाची ताटे जातात. शेजारच्या आजोबांना गोड वर्ज्य आहे हे ठाऊक असलेली गृहिणी त्यांच्या ताटातला लाडू काढून चार चकल्या जास्त ठेवते. लाडू उत्तम झालेला असतो, तरीही काढते. यंदा कुणाला एखादे गाणे पाठवाल, तेव्हा एवढेच करा. आणि खाली दोन ओळी लिहायला विसरू नका.