अमर माणसाला काय माहीत असावं?

रविवारची संध्याकाळ, लोकलची गर्दी, त्यात विषय जादूगारांचा. तरीही आपण भाईंदरपर्यंत आलात, बरं वाटलं.

मागच्या वेळी एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "कादंबरीतला जादूगार हजार वर्षं जगलेला असतो. मग मंतरलेल्या वस्तूबद्दल त्याला ऐन वेळी काहीच कसं माहीत नसतं? ही लेखकाची लबाडी नाही का?" आमचं उत्तर असं, की बऱ्याचदा ती लबाडीच असते. रहस्य शेवटपर्यंत टिकवायचं म्हणून म्हाताऱ्याला विसराळू करायचं, हा सोपा मार्ग. पण हे अज्ञान खरं वाटेल असं लिहिता येतं का? येतं. त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको.

अश्वत्थामा घ्या. महाभारताचं सौप्तिकपर्व. द्रोणाने ब्रह्मशिर अस्त्र आधी अर्जुनाला दिलं. मुलाने हट्ट धरला, म्हणून मग त्यालाही दिलं, पण नाखुशीने. माणसांवर सोडू नकोस, असं बजावून. पुढे हाच अश्वत्थामा द्वारकेला जाऊन कृष्णाकडे अस्त्राच्या बदल्यात सुदर्शन चक्र मागतो. कृष्ण म्हणतो, घे. त्याला ते डाव्या हाताने उचलत नाही, उजव्यानेही उचलत नाही. बघा, ज्या वस्तूचा सौदा करायला आला, तिचं वजनही त्याला माहीत नव्हतं!

शेवटी तो गवताच्या काडीवर ते अस्त्र सोडतो. अर्जुनही सोडतो. नारद आणि व्यास मध्ये उभे राहतात. अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते घेता येत नाही. सोडणं येतं, आवरणं येत नाही. मग ते उत्तरेच्या गर्भावर जातं. त्याच्या अर्धवट विद्येची किंमत न जन्मलेल्या मुलाने मोजली.

आता प्रश्न असा, की हे अज्ञान आपल्याला पटतं का? आम्हाला पटतं, कारण त्याचं कारण कथेतच आहे. त्याच्या डोक्यावर जन्मजात मणी होता. तो असेल तर शस्त्राचं, रोगाचं, भुकेचं भय नाही. ज्याला कशाचंच भय नाही, तो 'परत कसं यायचं' हे कशाला शिकेल? म्हणजे वस्तूनेच माणसाला अडाणी ठेवलं. हे कथानकाच्या सोयीसाठी आणलेलं अज्ञान नव्हे, हा स्वभाव आहे.

याच्या शेजारी टॉल्किनचा गँडाल्फ ठेवू. १९५४-५५ साली आलेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्स'मध्ये तोही न मरणाऱ्या जातीचा. अंगठीबद्दल त्याला शंका येते, पण खात्री व्हायला सतरा वर्षं जातात. तो मिनास तिरिथच्या दप्तरात जुने कागद उलगडतो, इसिल्दुरचं टिपण शोधतो आणि मग अंगठी विस्तवात टाकून पडताळतो. आणि ती हातात घे म्हटल्यावर नाही म्हणतो, कारण तिने आपलं काय होईल हे त्याला कळतं. अंगठ्यांच्या विद्येत खरा पंडित सारुमान. तोच बिघडतो. म्हणजे माहिती जास्त असणं हा काही बचाव नव्हे.

तेव्हा आमची कसोटी तीन प्रश्नांची. एक, ही वस्तू धरणाऱ्याचं काय करते? दोन, सुरू केलेलं थांबवायचं कसं? तीन, मला जे माहीत आहे ते मी स्वतः पडताळलंय, की नुसतं वारशात मिळालंय? अमर जादूगाराला वस्तूचा अख्खा इतिहास पाठ नसला तरी चालेल. यातलं एखादं उत्तर त्याच्याकडे नसेल, तर ते का नाही, हे लेखकाने दाखवलं पाहिजे. आज मराठीत अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्यांनी एवढं सांभाळलं, तरी वाचकाला फसवल्यासारखं वाटणार नाही.

आणि हे फक्त कथेपुरतं नाही. घरात, कचेरीत, 'आमचे केस उन्हाने पांढरे झाले नाहीत' म्हणणारे आपण सगळेच. वय वाढलं म्हणजे आवरायची विद्या आली, असं नसतं.

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते. मणी काढलेल्या जखमेसाठी अश्वत्थामा अजून तेल मागत फिरतो, असं लोक सांगतात. मूळ कथेत शाप तीन हजार वर्षांचा. लोकांनी तो चिरंजीव केला. आम्हाला वाटतं, लोकांनी कथा बरोबर वाचली. जखम कशाने भरेल, हे त्याला अजूनही माहीत नाही. म्हणून तर तो दारोदार विचारतोय.

आता आपले प्रश्न घेऊ.