याला आरसा म्हणावे का?

सेफ ही अनेक संगणकांच्या तबकड्या जोडून एकच मोठे कपाट बनविणारी संचिका-प्रणाली. तिच्यावरील सेज वाइल आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००६ सालचा. २०२१ च्या ‘पॅसिफिक’ आवृत्तीत दूरच्या दुसऱ्या सेफ-प्रणालीवर प्रत पाठविण्याची सोय आली. नाव दिले ‘मिररिंग’. आमचा पहिला आक्षेप या नावावरच आहे. आरशात आत्ताचे रूप दिसते. येथे पलीकडे पोचतो तो ‘स्नॅपशॉट’, म्हणजे ठरावीक क्षणी गोठविलेले निर्देशिकेचे रूप. बाराचा स्नॅपशॉट पोचला आणि तीन वाजता यंत्रे जळाली, तर मधले तीन तासांचे काम गेलेच! शिवाय स्नॅपशॉटचे वेळापत्रक वेगळे लावावे लागते.

कल्पना मात्र शहाणपणाची आहे. निकालपत्रकात गुण भरणे चालू असताना त्याची नक्कल उतरवू लागलो, तर पहिले पान जुने आणि शेवटचे नवे असे व्हायचे. गोठविलेले रूप हलत नाही. सारा बदल पोचल्यावरच पलीकडे त्याच नावाचा स्नॅपशॉट घेतला जातो. त्यामुळे संपर्क मध्येच तुटला, तर तिकडची चालू निर्देशिका अर्धवट राहील, पण मागचा स्नॅपशॉट शाबूत असतो.

खरी गोम पुढेच आहे. इकडचा स्नॅपशॉट पुसला की तिकडचाही पुसला जातो. आगीपासून संरक्षण मिळाले, चुकलेल्या हातापासून नाही. तेव्हा या सोयीला कोणी ‘बॅकअप’ म्हणू लागले, तर विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारायला लावावा: पुसलेले परत मिळेल का?