शाळाधारित निवासी प्रशिक्षण आणि गणित-विज्ञानाचे नवे शिक्षक : मोहगावच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

गणित-विज्ञानाचा शिक्षक महाविद्यालयात घडतो की शाळेत, हा प्रश्न जुना आहे. वैद्यकीय पदवीधर निवासी डॉक्टर म्हणून रुग्णालयात ज्येष्ठांच्या हाताखाली तयार होतो. त्याप्रमाणे होतकरू शिक्षकाने वर्षभर एकाच शाळेत अनुभवी शिक्षकाच्या सोबतीने शिकावे, या पद्धतीला शाळाधारित निवासी प्रशिक्षण म्हणतात. येथे 'निवासी' म्हणजे वसतिगृहात राहणारा नव्हे, तर शाळेचाच होऊन राहिलेला. अमेरिकेतील बोस्टन शहरात 2003 मध्ये असा कार्यक्रम सुरू झाला. प्रस्तुत लेखात मोहगावसारख्या सीमेवरील गावाच्या गरजेतून या कल्पनेची चिकित्सा केली आहे.

मोहगावची गरज

मोहगाव सौंसर तालुक्यात आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये त्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. संत्री-कापसाच्या या पट्ट्यात अनेक घरांत मराठी बोलली जाते आणि पाठ्यपुस्तक हिंदी असते.

याचा परिणाम गणित-विज्ञानात अधिक जाणवतो. हिंदीत अपूर्णांकाला 'भिन्न' म्हणतात. मराठी मुलाला 'भिन्न' म्हणजे वेगळे. वनस्पतीचे मूळ हिंदीत 'जड़' होते. मराठी कानाला ते 'जड', म्हणजे वजनदार, असे ऐकू येते. काटकोनाचा 'समकोण' होतो आणि सरासरीचे 'औसत'. मूल चुकले तर ते गणितात चुकले की शब्दात, हे ओळखणे शिक्षकाचे पहिले काम ठरते. महाराष्ट्रातील उर्दू शाळांनाही हा अनुभव परका नाही. उर्दूत अपूर्णांकाला 'कसर' म्हणतात आणि मराठीत त्या शब्दाचा अर्थ उणीव किंवा पुस्तके खाणारा किडा. असे अडथळे व्याख्यानातून पुरते शिकवता येत नाहीत. ते वर्गात, मुलाच्या वहीवर दिसतात आणि स्थानिक शिक्षकाला ते आधीच ठाऊक असतात.

होशंगाबादचा धडा

छिंदवाड्याच्या शेजारच्या होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यात 1972 मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया या संस्थांनी 16 माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. 1978 मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा घेतली. उन्हाळी शिबिरांत शिक्षक 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांतील प्रयोग मुलांप्रमाणेच स्वतः करत. पुढे मासिक बैठका होत आणि अनुवर्तनासाठी सहकारी शाळेत येत. प्रशिक्षण वर्गापर्यंत नेण्याचा असा सातत्याचा प्रयत्न आपल्याकडे विरळाच.

तरीही त्याची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. तो मुख्यतः नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी होता. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली की त्याच्या जागी येणारा नवा शिक्षक पुन्हा पहिल्या पायरीवर असे. 2002 मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला, तेव्हा पुस्तके गेलीच. शिवाय शिक्षकाला 'हे मला समजले नाही' असे मोकळेपणाने म्हणण्याची जागाही गेली. ही दुसरी हानी मोठी होती. निवासी प्रशिक्षणाने तीच जागा नोकरीच्या आधी आणि शाळेच्या आत निर्माण करावी, अशी अपेक्षा आहे.

आठवडे आणि जबाबदारी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील अनुभवाला 20 आठवडे दिले. हे पाऊल योग्यच होते. मात्र आठवडे वाढल्याने निवासी प्रशिक्षण साध्य होत नाही. पाठ झाला, टाचणावर सही झाली, की छात्रशिक्षक मोकळा आणि शाळाही मोकळी, असे घडत असेल तर छात्रशिक्षक शाळेत पाहुणाच राहतो. त्याला घडवण्याची जबाबदारी शाळेने स्वीकारली आहे का, ही खरी कसोटी आहे.

या पद्धतीवरील आक्षेपही गंभीर आहेत. पहिला, अनुभवी गणित-विज्ञान शिक्षकच नसलेल्या छोट्या शाळेत मार्गदर्शन कोण करणार? दुसरा, रिक्त पदावर छात्रशिक्षकाला उभे करून वर्ग भागवला गेला, तर प्रशिक्षणाच्या नावाखाली बिनपगारी राबवणूक होईल. तिसरा, वर्षभर उत्पन्नाशिवाय राहणे गरीब घरातील मुला-मुलींना, विशेषतः घरातून पहिल्यांदाच शिकलेल्यांना, परवडणारे नाही.

निष्कर्ष

या आक्षेपांमुळे कल्पना बाद ठरत नाही. तिच्या अटी स्पष्ट होतात. छोट्या शाळांचा गट करून त्यातील एका शाळेला प्रशिक्षणशाळा मानावे. मार्गदर्शक शिक्षकाचे तास कमी करावेत आणि त्या कामाची नोंद त्याच्या सेवेत व्हावी. छात्रशिक्षकाला विद्यावेतन मिळावे आणि त्याच्याकडे स्वतंत्र वर्ग टप्प्याटप्प्यानेच सोपवावा. मोहगावसारख्या ठिकाणी मुलांच्या बोलीतील शब्दांची टिपणवही ठेवणे हाही प्रशिक्षणाचा भाग असावा.

एवढे झाले नाही तर निवासी प्रशिक्षण हे जुन्या पाठ-टाचणाचे नवे नाव ठरेल आणि 'जड़' ऐकून वजनाचा विचार करणारे मूल मागच्या बाकावर तसेच बसून राहील.