‘ग्राड’ आणि ‘गड’ : मराठीतील रशियन राष्ट्रप्रतीके

परकीय राष्ट्राची प्रतीके एखाद्या भाषेत आली म्हणजे ती सर्व सारखीच रुजतात असे नाही. समोवार मराठीत नुसते नाव म्हणून राहिला. जहांगीर कलादालनातील उपाहारगृहाने १९६४ पासून २०१५ पर्यंत ते मिरवले, एवढेच. पुरातन लोकचिन्ह म्हणून जिची ख्याती आहे, पण जी वस्तुतः १८९० च्या दशकात जन्मली, त्या मात्र्योश्का बाहुलीला शोभेच्या वस्तूपलीकडे स्थान लाभले नाही. याउलट स्टालिनग्राड, व्होल्गा आणि मातृभूमी या तीन प्रतीकांना मराठीत आयते घर मिळाले. अण्णा भाऊ साठे यांचा १९४३ मधील ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ ही त्याची मुख्य साक्ष होय. वाकोल्याला लागून असलेल्या विद्यानगरीत आज रशियन भाषेचे अध्यापन चालते. अण्णा भाऊंचे चिरागनगर तेथून फार दूर नाही. तरीही हा पोवाडा सहसा कामगार चळवळीचे साहित्य म्हणून वाचला जातो, दोन भाषांच्या प्रतीकांची भेट म्हणून नव्हे.

शीर्षकच पाहावे. तुळशीदास शाहिराच्या सिंहगडाच्या पोवाड्याशी परिचित असलेल्या श्रोत्याला ‘स्टालिनग्राडचा’ या षष्ठ्यन्त पदात गड ऐकू येणे स्वाभाविक आहे. हा ध्वनीचा योगायोग. ‘ग्राड’ व ‘गड’ यांचे कूळ एक नाही. स्लाव्ह भाषांतील ‘ग्राड’ म्हणजे मुळात कुंपणाने वेढलेली जागा. अर्थाने तो गडाच्या जवळ जातो खरा, पण व्युत्पत्तीने त्याचे नाते सामान्यतः संस्कृत ‘गृह’शी, म्हणजे आपल्या ‘घर’शी जोडले जाते. ज्या नगरासाठी मराठी कान गड ऐकतो, ते भाषाशास्त्राच्या दृष्टीने घराचे सगोत्र आहे, आणि १९४२-४३ ची ती लढाईही घराघरांतूनच झाली. पाव्हलोव्हचे घर म्हणून प्रसिद्ध असलेली चार मजली इमारत मूठभर सैनिकांनी जवळजवळ दोन महिने राखली. पोवाड्याच्या साच्याला मात्र तट, वेढा आणि सेनानायक यांची सवय. नदीकाठी मैलोगणती पसरलेल्या कारखानदारी शहराला तो साचा बसवताना वीररस लाभला, आणि ज्या माणसांच्या चुलीजवळ ही लढाई झाली ती माणसे मागे पडण्याचा धोकाही पत्करावा लागला. झोपडीत राहणाऱ्या शाहिराने हा साचा निवडावा, यात त्याच्या श्रोत्यांची ओळखच अधिक दिसते.

व्होल्गेच्या बाबतीत अशी ओढाताण नाही. रशियन लोक तिला ‘मातुश्का’, म्हणजे माई, म्हणतात. कृष्णा-वारणेच्या मुलखात, वाटेगावी, जन्मलेल्या कवीला नदी माई असते हे शिकावे लागत नाही. मातृभूमीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. रशियनमध्ये ‘रोदिना’ हे जन्मवाचक स्त्रीलिंगी पद, तर ‘ओतेचेस्त्वो’ हे पितृवाचक नपुंसकलिंगी. महायुद्धाचे अधिकृत नाव दुसऱ्या पदावरून घडले. भित्तिपत्रकावर आणि १९६७ मध्ये व्होल्गोग्राड येथे उभारलेल्या वुचेतिचच्या प्रचंड शिल्पात हाक मारते ती मात्र माता. मराठीने या जोडीतील आई तेवढी उचलली.

येथे मराठी समीक्षेने एक हिशेब मांडावयास हवा. १९४१ चे ते सुप्रसिद्ध मातेचे भित्तिपत्रक काढणारा इराक्ली तोइद्झे जॉर्जियन होता. स्टालिनग्राडच्या सैन्यात युक्रेनियन, उझबेक, कझाक असे अनेक होते. रशियन भाषा ‘रुस्की’ (त्या जनसमूहाचे) आणि ‘रस्सीइस्की’ (त्या राज्याचे) असा भेद करते आणि ‘सोव्हिएत’ हे तिसरेच पद ठेवते. मराठीत तिन्हींसाठी ‘रशियन’ हाच शब्द रूढ झाला. अण्णा भाऊ १९६१ मध्ये सोव्हिएत संघात गेले, पण त्यांच्या प्रवासवर्णनाचे नाव ‘माझा रशियाचा प्रवास’. दोष लेखकाचा नव्हे, साऱ्या मराठी वापराचाच. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्टालिनग्राडचे व्होल्गोग्राड झाले. पोवाड्यात जुने नाव राहिले, आणि मराठीपुरते तरी ते शहर त्याच नावाने जिवंत आहे.

या शब्दसंकोचाची किंमत फार काळ जाणवली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले; महायुद्धातील विजयाचा वारसा सांगणारे दोन देश त्यानंतर परस्परांविरुद्ध रणांगणात उभे राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात मॉस्कोच्या परदेशी साहित्य ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. शाहीर आता स्वतःच प्रतीक झाला आहे. त्याचा पोवाडा कोणाचा, रशियन जनतेचा, रशियन राज्याचा की सोव्हिएत सैन्यातील त्या सर्व भाषिकांचा, याचे उत्तर देण्यापूर्वी ‘रशियन’ या एका मराठी शब्दात बांधलेले तीन अर्थ सुटे करावे लागतील.